नदीकाठचा जुना धक्का पुन्हा उभा करताना : होड्यांच्या जागा आणि भाडे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील शापोरा नदीकाठच्या आमच्या जुन्या धक्क्याची दुरुस्ती करून तेथे होड्यांना पुन्हा जागा द्यायची, असे ठरल्यापासून रापणकार (किनाऱ्यावरून रापण ओढणारे मच्छीमार), पर्यटकांना फिरवणारे होडीमालक, काठावरची घरे आणि पंचायतीतील मंडळी यांच्याकडून समितीला सातत्याने प्रश्न विचारले जात आहेत. बहुतेक प्रश्न भाड्याविषयी आहेत आणि त्यामागची काळजी रास्त आहे. म्हणून उत्तरे देताना आम्ही हिशेब पूर्ण मांडला आहे. येथे दिलेल्या रकमा पद्धत समजावी यासाठी सोयीच्या घेतल्या आहेत. प्रत्यक्ष खर्चाची अंदाजपत्रके हाती आली की याच पद्धतीत खरे आकडे भरले जातील.

धक्क्याची अशी अवस्था कशामुळे झाली?

धक्का एका पावसाळ्यात मोडला नाही. खाऱ्या पाण्यातील क्षार काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतात आणि आतल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचले की सळ्या गंजू लागतात. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटला भेगा पडतात आणि खपल्या सुटतात. ही झीज सर्वांत जास्त होते ती भरती-सुकतीच्या मधल्या पट्ट्यात, कारण तेथे खांब आळीपाळीने भिजतो व वाळतो आणि गंजाला लागणारे क्षार व हवा दोन्ही मिळतात. आपल्या धक्क्याचे खांब पाण्याखाली अजून बरे दिसतात आणि कंबरेशी पोखरलेले आहेत, याचे कारण हेच आहे.

दुसरे कारण हिशेबाचे आहे आणि आमच्या मते तेच मुख्य आहे. भाडे वर्षानुवर्षे तेच राहिले, ते वाढवावे असे म्हणणारा माणूस गावात वाईट ठरत असे, आणि जमलेल्या पैशातून दिव्याचे बिल व रखवालदाराचा पगार जेमतेम भागत असे. पहिली भेग दिसली तेव्हा ती बुजवायला पैसे नव्हते, आणि पैसे गोळा होईपर्यंत सळी उघडी पडली होती. भाडे कमी ठेवणे म्हणजे गरिबाला आधार देणे, असे आम्हालाही तेव्हा वाटत असे. प्रत्यक्षात धक्का बंद पडल्यावर ज्यांची ऐपत होती त्यांनी होड्या दुसरीकडे नेल्या, आणि लहान होडीवाला चिखलातून गुडघाभर रुतत मासळीच्या टोपल्या वाहत राहिला.

पूर्वी जेथे मोठ्या होड्या लागत होत्या, तेथे आता सुकतीला त्या चिखलात का बसतात?

तेथे गाळ साचला आहे. तिळारीच्या खोऱ्यातून येणारे पावसाळी पाणी माती घेऊन उतरते, मुखाकडे आल्यावर प्रवाह मंदावतो आणि माती खाली बसते. धक्क्याचे खांब प्रवाह अडवतात, म्हणून त्यांच्या आडोशाला ती अधिक बसते. होड्यांची ये-जा थांबल्यावर तळ ढवळला जाण्याचेही थांबले.

उपाय ठरवण्याआधी खोली मोजावी लागते आणि ती उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवशी सर्वांत खालच्या सुकतीला मोजावी लागते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, त्यामुळे त्या दिवशी घेतलेले माप आपली फसवणूक करते. आपल्याकडे उधाणाला भरती आणि सुकती यांतील फरक सुमारे दोन मीटरपर्यंत जातो. साधी दोरी, तिला शिशाचे वजन आणि धक्क्याच्या कडेने ठरावीक अंतरावर घेतलेली मापे एवढ्यावर पहिला नकाशा तयार होऊ शकतो, आणि गावातील जाणत्या तांडेलांशिवाय (होडी चालवणाऱ्या प्रमुखांशिवाय) तो नीट होणार नाही. कमी खोलीच्या बाजूला सपाट तळाच्या होड्या आणि खोल बाजूला कण्याच्या होड्या अशी मांडणी केली, तर काढाव्या लागणाऱ्या गाळाचे प्रमाण पुष्कळ घटते. गाळ काढणे हे एकदाचे काम नसल्यामुळे त्यासाठीची तरतूद दरवर्षीच्या भाड्यातच धरली आहे.

हा नावशीसारखा मरीना प्रकल्प आहे का?

नाही. झुआरीच्या काठी नावशी येथे प्रस्तावित झालेल्या मरीनाला (हौशी नौकांच्या बंदराला) तेथील मच्छीमारांनी जो विरोध केला, त्यामागची भीती आम्हाला मान्य आहे. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळी पडली, ते पाणी श्रीमंतांच्या नौकांसाठी राखून ठेवले जाईल, अशी ती भीती आहे. आमच्या योजनेत नदीचे नवे पात्र घेतलेले नाही, काठावर हॉटेल नाही आणि भराव नाही. जो धक्का होता, त्याच्याच लांबीत काम करायचे आहे.

कोणकोणत्या परवानग्या लागतात?

नदीतील धक्का, होड्यांची वाहतूक आणि नांगरणीची जागा हे विषय बंदर कप्तान खात्याकडे येतात. काठावरचे बांधकाम किनारी नियमन क्षेत्रात मोडत असल्यामुळे गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्यता लागते. २०११ च्या अधिसूचनेनुसार भरतीचा प्रभाव पोहोचणाऱ्या नदीकाठी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीपात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा या नियमनाखाली येतो. त्याच अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी असून खाजन जमिनी (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते), खारफुटी आणि मोरजीसारखे कासवांचे किनारे यांना त्यात संरक्षण दिलेले आहे. धक्क्याच्या दोन्ही टोकांना वाढलेली खारफुटी आम्ही तोडणार नाही. काठ धरून ठेवण्याचे काम ती करते आणि ते काम दगडी बांधाने पुन्हा करायचे झाले तर खर्च आपल्यालाच पडेल.

शापोरा नदी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांत समाविष्ट झाली असून तिचा क्रमांक २५ आहे. मांडवी, झुआरी, कुंभारजुवे कालवा, म्हापशाची नदी आणि साळ याही त्याच यादीत आहेत. त्यामुळे जलमार्गाची मोकळी रुंदी अडेल असे काहीही पाण्यात पुढे काढता येणार नाही.

पक्का धक्का दुरुस्त करण्याऐवजी तरंगता धक्का का निवडला?

दोन्ही लागणार आहेत. मासळी उतरवण्यासाठी, बर्फाची गाडी मागे घेण्यासाठी आणि इंजिन उचलण्यासाठी पक्का धक्का हवाच. त्याच्या दुरुस्तीत भरती-सुकतीच्या पट्ट्यातील काँक्रीट भारतीय मानकानुसार किमान एम-४० प्रतीचे असावे आणि सळीवर ७५ मिलिमीटरचे आवरण असावे, अशी अट निविदेत घातली आहे. आवरणात केलेली काटकसर डोळ्यांना दिसत नाही आणि काही वर्षांनी तीच सर्वांत महाग पडते, म्हणून ओतकामाच्या दिवशी समितीचा एक सदस्य मोजपट्टी घेऊन हजर राहील.

होड्या बांधून ठेवण्यासाठी मात्र तरंगता धक्का सोयीचा आहे. पाणी दोन मीटर चढते-उतरते तेव्हा पक्क्या धक्क्याला बांधलेल्या होडीचा दोर सतत सैल-घट्ट करावा लागतो, आणि कोणी विसरले तर होडी दोरावर लटकते किंवा धक्क्याखाली अडकून भरतीला दाबली जाते. तरंगता धक्का खांबांच्या कड्यांमधून होडीबरोबरच वर-खाली होतो. शिवाय म्हातारी माणसे व पर्यटक यांना सुकतीला शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागत नाहीत.

भाडे नेमके कसे ठरवले?

आधी वर्षाचा खर्च, मग त्या खर्चाची पाण्याच्या क्षेत्रफळावर वाटणी, असा क्रम आहे. शेजारच्या धक्क्यावर काय दर आहे, हे आम्ही पाहिले, पण त्यावरून दर ठरवला नाही. तेथे वीज, रखवाली, खोली आणि जागेचा करार वेगळा असतो, त्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

समजा, रखवालदार व देखभालीच्या माणसांचा वर्षाचा पगार ४,८०,००० रुपये, विमा, दिवे व सफाई २,२०,००० रुपये, किरकोळ दुरुस्ती २,४०,००० रुपये आणि गाळ काढण्याचा निधी २,००,००० रुपये आहे. तरंगता धक्का ६०,००,००० रुपयांचा असून तो २० वर्षे टिकेल असे धरले, तर नव्या धक्क्यासाठी दरवर्षी ३,००,००० रुपये बाजूला पडले पाहिजेत. ही बेरीज १४,४०,००० रुपये होते.

होड्या बांधता येतील असे पाणी ९०० चौरस मीटर आहे असे धरू. भागाकार केला तर चौरस मीटरमागे वर्षाला १,६०० रुपये येतात, आणि येथेच बहुतेक धक्क्यांचा हिशेब चुकतो. सगळ्या जागा वर्षभर भरलेल्या कधीच नसतात. पाचवा हिस्सा रिकामा राहिला, तर १,६०० च्या दराने ११,५२,००० रुपयेच जमतात आणि २,८८,००० रुपयांची तूट येते. ती तूट पगारातून किंवा विजेच्या बिलातून भरून काढता येत नाही, म्हणून ती नव्या धक्क्याच्या निधीवर पडते, म्हणजे तो निधी जवळजवळ संपूर्ण नाहीसा होतो. कागदावर सर्व ठीक दिसते आणि २० वर्षांनी पेटी रिकामी निघते. म्हणून आम्ही ७२० चौरस मीटरच भरतील असे धरून भागाकार केला. तो चौरस मीटरमागे वर्षाला २,००० रुपये येतो. त्याहून अधिक जागा भरल्या, तर जास्तीचे पैसे गाळाच्या निधीत जातील.

सगळीकडे लांबीवर भाडे घेतात. येथे क्षेत्रफळ कशाला?

आठ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद मासेमारी होडी १० चौरस मीटर पाणी अडवते. तेवढ्याच लांबीची, साडेचार मीटर रुंदीची जोडसांगाड्याची नौका (कॅटामरान) ३६ चौरस मीटर अडवते. लांबीवर आकारणी केली तर दोघांना सारखेच भाडे पडेल, आणि रुंद नौकेचा भार अरुंद होडीवाला उचलेल. क्षेत्रफळाच्या पद्धतीत होडीला वर्षाला २०,००० रुपये येतात, तर १२ मीटर लांब व ४ मीटर रुंद पर्यटक नौकेला ४८ चौरस मीटरचे ९६,००० रुपये. माप घेताना पुढे आलेला नांगराचा दांडा आणि मागे लटकणारे इंजिनही धरले जाईल, कारण त्या जागेत दुसरी होडी लागू शकत नाही.

मच्छीमारांना सवलत आहे का, आणि तिचा भार कोणावर?

आहे. ज्यांची उपजीविका मासेमारीवर आहे आणि ज्यांची होडी त्यासाठीच नोंदलेली आहे, त्यांना निम्मे भाडे. अशा १० होड्या असतील, तर त्यांच्याकडून १,००,००० रुपये कमी येतात. ही रक्कम उरलेल्या ६२० चौरस मीटरवर वाटली की इतरांचा दर सुमारे १६१ रुपयांनी वाढून २,१६१ होतो. म्हणजे वर उल्लेखिलेल्या पर्यटक नौकेला महिन्याला जवळपास ६४५ रुपये जास्त पडतात.

हा आकडा आम्ही लपवणार नाही. प्रत्येक पर्यटक नौकेच्या पावतीवर तो ‘मच्छीमार सवलत वाटा’ या नावाने वेगळा छापला जाईल. हा भार का घ्यावा, असे एका होडीमालकाने बैठकीत सरळ विचारले आणि प्रश्न योग्यच होता. आमचे उत्तर असे आहे की धक्का मुळात मासळी उतरवण्यासाठी बांधला गेला, पर्यटक येथे येतो तो जिवंत मासेमारी गाव पाहायला, आणि तेथून होड्याच गेल्या तर पर्यटक नौकेला दाखवण्यासारखे काय उरेल? सवलत दरवर्षी आमसभेत मताला टाकली जाईल. ती कमी-जास्त करण्याचा अधिकार समितीला एकटीला नाही.

सरकारी योजनेतून धक्का बांधला गेला, तरी भाडे द्यायचे का?

होय. मासळी उतरवण्याच्या केंद्रांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेसारख्या योजना आहेत आणि आम्ही मच्छीमारी खात्याकडे प्रयत्न करत आहोत. अनुदान मिळाले तर सुरुवातीच्या कर्जाचा प्रश्न सुटेल, पण नव्या धक्क्यासाठीच्या निधीची गरज सुटत नाही. मागचा धक्काही सरकारी पैशानेच बांधला होता. दुसऱ्यांदा कोणी देईल या भरवशावर आपण तो वापरला आणि काय झाले ते समोर आहे.

जागांचा लिलाव का नाही? त्यातून अधिक पैसे मिळतील.

पहिल्या वर्षी मिळतील. नंतर ज्याची ऐपत मोठी, तो चार जागा घेऊन तीन रिकाम्या ठेवील किंवा पोटभाड्याने देईल आणि खरा दर समितीच्या नव्हे, त्याच्या हातात जाईल. जागा अर्जाच्या क्रमाने मिळतील, प्रतीक्षायादी फलकावर लागेल आणि एका कुटुंबाला दोनपेक्षा अधिक जागा मिळणार नाहीत.

मासेमारी बंदीच्या काळात भाडे का आकारता?

यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, आणि त्या दिवसांत घरात पैसा येत नाही हे आम्ही जाणतो. परंतु धक्क्याचा खर्च पावसात थांबत नाही. उलट रखवालदार सर्वांत जास्त लागतो तो तेव्हाच, कारण पुरात ओंडके वाहून येतात आणि दोर रात्री-अपरात्री तपासावे लागतात. यावर उपाय म्हणून भाडे वर्षाचेच ठेवले आहे, पण हप्ते ऑक्टोबर ते मे असे आठ महिन्यांचे आहेत. सवलतीच्या १०,००० रुपयांचा हप्ता १,२५० रुपये होतो आणि जून ते सप्टेंबर काहीही भरावे लागत नाही. ज्यांना पावसाळ्यात होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवायची आहे, त्यांना उतारावरची कोरडी जागा याच भाड्यात मिळेल.

पाहुण्या नौकांना दिवसाचा दर एवढा जास्त का?

वर्षाच्या २,००० रुपयांच्या मूळ दराला ३६५ ने भागले तर चौरस मीटरमागे दिवसाला साडेपाच रुपयांच्या आसपास येतात. पाहुण्यांसाठी राखलेली जागा तीन दिवसांतून एकदा भरेल असे धरले, तर ती एक भरलेली रात्र तीन रात्रींचा खर्च उचलते. म्हणून ४८ चौरस मीटरच्या नौकेला रात्रीचे सुमारे ७९० रुपये पडतात. वादळाचा इशारा असताना आसऱ्याला आलेल्या कोणत्याही होडीकडून मात्र पैसे घेतले जाणार नाहीत.

विजेबाबत एवढे कडक नियम कशासाठी?

हा नियम कोणी सैल करावा असे आम्हाला वाटत नाही, म्हणून कारण सविस्तर देत आहोत. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते, त्यामुळे गळणारा प्रवाह पाण्यातूनच पसरून जातो. गोडे पाणी त्यामानाने कमी वाहक असते, आणि त्यात पोहणाऱ्या माणसाचे शरीर हाच प्रवाहाला सोपा मार्ग ठरतो. स्नायू आखडतात आणि माणूस हाक न मारता बुडतो. आपल्या नद्या उन्हाळ्यात खाऱ्या असल्या तरी पावसाळ्यात त्यांचे पाणी जवळजवळ गोडे होते. त्यामुळे जी वायर मेमध्ये निरुपद्रवी वाटली, तीच जुलैत जीव घेऊ शकते.

म्हणून प्रत्येक खांबावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक यंत्र असेल, जोडलेली वायर लावण्यापूर्वी तपासली जाईल आणि धक्क्याभोवती पोहण्यास मुलांसह सर्वांना मनाई राहील. प्रत्येक जागेला वेगळा मीटर असेल आणि वीज खात्याच्या दरानेच पैसे घेतले जातील.

तेल, मैला आणि रंगकाम यांचे काय?

इंजिनाचे जुने तेल धक्क्यावरच्या पिंपात टाकायचे आहे, त्याचे शुल्क नाही. शुल्क ठेवले तर ते तेल रात्री नदीत जाते. शौचालय असलेल्या नौकांनी टाकी धक्क्यावरच्या पंपाने रिकामी करायची आहे. खाली खाजन शेती आणि कालवांच्या जागा आहेत, हे विसरून चालणार नाही. तळ खरवडणे आणि रंगवणे फक्त उतारावर, खाली ताडपत्री अंथरून करावे. तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या कथिलयुक्त टीबीटी रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. जुने डबे कोणाकडे उरले असतील तर ते समितीकडे आणून द्यावेत.

होडी विकली तर जागा नव्या मालकाला मिळते का?

नाही. जागा यादीत परत येते. असे न केल्यास तीस हजारांची होडी जागेमुळे दीड लाखाला विकली जाईल. वारसाहक्काने आलेली होडी घरचीच माणसे चालवत असतील, तर करार त्यांच्या नावे होईल.

भाडे थकले तर?

दोन हप्त्यांपर्यंत नुसती आठवण दिली जाईल. आजारपण, इंजिनाचा बिघाड किंवा घरातील मृत्यू असे कारण असेल तर मुदत वाढवून मिळेल. त्यासाठी एका पानाचा अर्ज पुरे. कारण न देता सहा हप्ते थकले, तर लेखी सूचनेनंतर जागा काढून घेतली जाईल. होडी जप्त करण्याचा विचार समितीने केलेला नाही.

दर पुन्हा कधी बदलतील?

दरवर्षी एप्रिलमध्ये मागील वर्षाचा जमाखर्च धक्क्यावरच्या फलकावर लागेल आणि त्यानंतरच्या आमसभेत दर ठरेल. खर्च घटला तर दरही घटेल. पूर्वी दहा-बारा वर्षे काहीच न वाढता एकदम दुप्पट करण्याचा प्रसंग येत असे आणि त्यातून भांडणे होत. दरवर्षी थोडाफार बदल होणे सर्वांनाच झेपते.

जागेसाठी अर्ज करताना काय आणावे?

होडीचे नोंदणीपत्र, विम्याचा कागद, मालकाचे ओळखपत्र आणि होडीची लांबी, रुंदी व पाण्याखालची खोली एवढे पुरे. माप समितीचा माणूस मालकासमोर घेईल आणि दोघांची सही होईल. मासेमारी होड्यांसाठी मच्छीमारी खात्याकडील नोंद लागेल. ज्यांची नोंदणी व्हायची आहे, त्यांनी अर्ज थांबवू नये. यादीत नाव लागेल आणि धक्का खुला होईपर्यंत कागद पूर्ण करता येतील. अर्ज दर रविवारी सकाळी धक्क्याजवळच्या शेडमध्ये मिळतात, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज तेथेच भरून दिला जातो.